सार्वजनिक झेड-फोर

पुण्यात पाच माणसांची गाडी घेतली तर ती आपली असते. दोन माणसांची घेतली की ती सगळ्यांची होते. माझ्याकडे २०१४ सालची बीएमडब्ल्यू झेड-फोर आहे. सेकंडहँड. बटण दाबलं की वीसेक सेकंदांत टपाचे दोन तुकडे होऊन ते डिकीत जाऊन बसतात, तीच ती. आरसीवर नाव माझं, हप्ता माझ्या खात्यातून कापला जातो. बाकी तिच्यावरचे सगळे हक्क कोथरूड ते हिंजवडी या पट्ट्यातल्या जनतेने परस्पर वाटून घेतले आहेत.

नवी होती तेव्हा ही गाडी सत्तर लाखांच्या आसपास होती. परदेशातून तयार होऊनच यायची, त्यामुळे किमतीत आयातशुल्काचा वाटा मोठा. तो वाटा मुंबईच्या पहिल्या मालकाने भरला. मग तिला दहा वर्षं झाली आणि ती नव्या क्रेटाच्या किमतीत माझ्यापर्यंत येऊन पोचली. हा हिशोब मी घरात सगळ्यांना नीट समजावून सांगितला. आई म्हणाली, "म्हणजे खुर्ची केवढ्याला पडली?" मी भागाकार केला नाही. बायकोने केला.

अशी गाडी रविवारी सकाळी बाहेर काढायची आणि आठवडाभर कव्हर घालून ठेवायची, असा रिवाज आहे. पण आमच्या घरात सोमवार ते शुक्रवार मागच्या सीटची खरी गरज बायकोला असते. मुलीला शाळेत सोडायचं, वाटेत तिच्या दोन मैत्रिणींना घ्यायचं. तेव्हा स्विफ्ट तिच्याकडे आणि मी रोज ३०६ घोड्यांवर बसून हिंजवडीला कोड लिहायला जातो. थांबल्या जागेवरून ताशी १००चा वेग गाठायला या गाडीला पाच सेकंदांच्या आसपास लागतात, असं कागदावर आहे. वाकडच्या पुलाखाली पाच सेकंदांत मी पुढच्या टेम्पोवरचं 'आईचा आशीर्वाद' वाचून संपवतो, आणि मग सिग्नल सुटेपर्यंत पुन्हापुन्हा वाचतो.

गाडीची उंची १.२९ मीटर. शेजारी ट्रक येऊन थांबला की त्याच्या चाकाचे नट बरोबर माझ्या डोळ्यांसमोर असतात. कुठल्या नटाला ग्रीस नाही ते मला ड्रायव्हरच्या आधी कळतं. उलट पीएमपीच्या बसमधून माझी अख्खी मांडी दिसते. एकदा टप उघडा होता, शेजारच्या सीटवर डबा होता, आणि वरून आवाज आला, "अहो, आमटी सांडतेय तुमची!" मी वर पाहिलं. खिडकीतून स्कार्फ बांधलेल्या एक मावशी हाताने डब्याकडे खुणा करत होत्या. मी डबा सरळ केला. त्यांच्यामागच्या दोघांनी समाधानाने मान हलवली. बंद काचांच्या गाडीत ही आमटी थेट सीटच्या शिवणीत गेली असती.

टप चालत्या गाडीतही उघडता येतो, फक्त वेग ताशी ४०च्या आत हवा. हिंजवडीच्या रस्त्यावर ही अट कधी आड आलेली नाही.

उघड्या टपाची गाडी सिग्नलला थांबली की दोन प्रश्न ठरलेले. "कितीला पडली?" आणि "ॲव्हरेज काय देते?" पहिल्या प्रश्नाला मी हसतो. दुसऱ्याला खरं उत्तर देतो, कारण त्या उत्तरावर मिळणारी सहानुभूती मला आवडते. परवा एका डिलिव्हरीवाल्या पोराला म्हटलं, "शहरात सात." त्याने हेल्मेटची काच वर केली. "लिटरला?" "लिटरला." तो काही क्षण माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग आपल्या टाकीवर थाप मारून हळूच म्हणाला, "आपली साठ देते, दादा," आणि पुढे गेला. जाताना त्याने मला हात केला, तो नातेवाइकाला दवाखान्यात भेटून निघताना करतात त्या जातीचा होता.

या गाडीचं बॉनेट फार लांब आहे आणि चालवणारा जवळपास मागच्या चाकांवर बसतो. हे नुसतं दिसण्यासाठी नाही. सहा सिलिंडर एका ओळीत मावले पाहिजेत आणि पुढचं-मागचं वजन तोललं गेलं पाहिजे. आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर यायचं तर आधी बॉनेट येतं, मग बराच वेळ बॉनेटच येत राहतं, आणि डावी-उजवी बाजू मला दिसू लागेपर्यंत निम्मी गाडी रहदारीत पोचलेली असते. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या काकांनी ही अडचण स्वतःहून ओळखली. आता सकाळी ते हातातलं पान सोडून रस्त्यात येतात, बस थांबवतात, "येऊ द्या, येऊ द्या" करतात. गिऱ्हाइकं ताटकळतात, पण कुणी कुरकुरत नाही. तीही बस थांबवायला पुढे होतात.

गाडीचं बाह्यरूप युलियाने ब्लासी आणि अंतरंग नादिया आर्नाउट या दोन बायकांनी घडवलं, हे मुलीला कळल्यापासून ती शाळेत माझ्यापेक्षा त्यांच्याबद्दल जास्त सांगते. बायको म्हणाली, "तरीच बघायला एवढी छान आहे. विकत घेणारा पुरुष होता, एवढं फक्त कळलंच."

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकाचं मानक लिहून ठेवलंय. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. म्हणजे सावकाश चढ, सावकाश उतार. असल्या गतिरोधकावरून माझी गाडी मजेत जाईल. पण आमच्याकडे ते मानक वाचणाऱ्याने बहुधा उंचीपाशीच पुस्तक मिटलं. सोसायट्यांच्या दारातले गतिरोधक तर मानकाच्याही आधीचे. उरलेलं काँक्रीट फुकट जाऊ नये म्हणून गवंड्याने जाता जाता रस्त्यावर ओतून दिलेले. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत. सरळ गेलं तर पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधे आपण सहकुटुंब टेकलेले.

त्यावर उपाय एकच, तिरकं जाणं. एका वेळी एकच चाक चढवायचं. मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की मागच्यांना वाटतं हा आता उजवीकडे वळणार. ते डावीकडून घुसतात. मग मी डावीकडे येतो आणि ते मला माझ्याच भाषेत काय ते सांगतात. इंडिकेटर द्यावा तर त्यातही गोम आहे. स्विफ्टचा इंडिकेटर उजव्या हाताला, हिचा डाव्या हाताला. घाईत मी उजवा दांडा खाली ओढतो आणि ऐन मे महिन्यात कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतात. मागचा माणूस आधी आकाशाकडे बघतो.

आमच्या सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक सगळ्यांत खवट. तिथे बी विंगमधले एक काका, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, रोज सव्वाआठला फेरी मारून परत येतात ते मुद्दाम माझ्या वेळेला. काठी टेकून ते गाडीशेजारी वाकतात आणि समालोचन सुरू होतं. "डावं चढलं. थांबा. उजवं येऊ द्या. सावकाश, सावकाश. आता पोट आलं." मग खालून खर्रर्र असा आवाज येतो. वॉचमन डोळे मिटतो. काका सरळ होतात, गुडघ्यावरची माती झटकतात आणि निकाल देतात, "कालच्यापेक्षा कमी घासली." दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "गाडी जड झालीय. का तुम्ही?"

आईला या गाडीतून नेणं हा वेगळा सोहळा असतो. बसणं तिला जमतं. आधी पाठमोरी उभी राहते, "आई गं" म्हणते आणि स्वतःला सोडून देते. बाहेर येताना मात्र विहिरीतून घागर शेंदावी तसं तिला वर घ्यावं लागतं. रस्त्यावर हे काम चाललेलं दिसलं की पुणेकर थांबतात. एक माणूस पाय टेकायला जागा दाखवतो, एक पर्स धरतो, एक कॉलेजची मुलगी "आजी, आधी दोन्ही पाय बाहेर" असं शास्त्रशुद्ध सांगते. आई सगळ्यांचे आभार मानते आणि वर सगळ्यांना ऐकवते, "याच पैशात सात माणसं बसणारी येत होती."

एका पंक्चरचाही असाच मेळावा झाला होता. सूसच्या रस्त्याला डॅशबोर्डवर दिवा लागला, हवा गेल्याचा. पंक्चरवाला म्हणाला, "स्टेपनी काढा."

"स्टेपनी नसते हिच्यात."

"जॅक?"

"तोही नाही."

"मग आहे काय?"

तोवर सातआठ माणसं जमली होती. मी सगळ्यांना उद्देशून सांगितलं, की हे रनफ्लॅट टायर आहेत, यांच्या भिंती जाड असतात, हवा पूर्ण गेली तरी ८० किलोमीटर जाता येतं, फक्त ताशी ८०च्या वर जायचं नाही. "इथून हिंजवडीला ऐंशीने?" एकाने विचारलं, आणि जो हशा पिकला तो पंक्चर काढून होईपर्यंत अधूनमधून पिकत राहिला. पंक्चरवाल्याने पैसे साध्याच गाडीचे घेतले. "तुमचं आधीच बरंच गेलंय," म्हणाला.

या सगळ्यात ती गाडी म्हणून कधी चालते की नाही? चालते, चांदणी चौकात. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री सुरुंग लावून पाडला. तो एका दणक्यात पुरता पडला नाही, उरलेला जेसीबी लावून काढावा लागला, यावर पुण्याने पुढे कित्येक दिवस गुजराण केली. मग २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे पूल खुले झाले, आणि त्यांबरोबर इतके रॅम्प आणि वळणं आली की मुळशीला निघालेला माणूस आजही सातारच्या दिशेने जाऊ शकतो. सगळं पुणे तिथे वाट चुकलं म्हणून वैतागतं. मी भल्या सकाळी, रस्ता मोकळा असताना, मुद्दाम चुकतो. रॅम्पचं वळण सुरू झालं की बॉनेट त्या कमानीत अलगद शिरतं, पाठीमागून सीट किंचित ढकलते, समोरचे सहाही सिलिंडर एका सुरात बोलू लागतात, आणि स्टिअरिंग हातात इतकं जिवंत होतं की खालच्या डांबराचा पोत कळावा. वेग साठसुद्धा नसतो. वळण संपतं. मी पुन्हा चुकतो.

गेल्या गणपतीला बाप्पा याच गाडीतून आले. मुलीचा हट्ट. जागा दोन, एक माझी, दुसरी त्यांची. टप उघडला की डिकी ३१०ची १८० लिटर होते, त्यात पूजेचं सामान कसंबसं बसलं, आणि बायको-मुलगी रिक्षाने मागून निघाल्या. शाडूची मूर्ती सीटवर ठेवल्याबरोबर गाडी टिंग-टिंग करू लागली. सीटवर वजन आहे आणि पट्टा नाही, अशी तिची तक्रार. शेवटी उशी लावून, शेला नीट करून बाप्पांना सीटबेल्ट बांधला. कर्वे रस्त्याने येताना लोक मोरया म्हणत होते, बाईकवाले फोटो काढत होते, ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी तोंडातून काढून आधी नमस्कार केला आणि मग आम्हाला एकट्यांना सोडलं. रिक्षा तरी आमच्या आधी पोचली.

त्याचा परिणाम आत्ता दिसतोय. चेअरमनसाहेबांच्या पुतण्याचं लग्न आहे आणि वरात या गाडीतून निघणार, असं कमिटीने ठरवून मला कळवलंय. नवरा-नवरी शेजारीशेजारी बसणार, टप उघडा. मी विचारलं, मग चालवणार कोण? यावर दोन मीटिंगा झाल्या. आता असं ठरलंय, की गाडी न्यूट्रलला टाकायची, स्टिअरिंग नवऱ्याने नुसतं धरून बसायचं आणि बिल्डिंगच्या पोरांनी मागून ढकलायचं. कार्यालयाच्या दारात एक गतिरोधक आहे, तिथे बी विंगच्या काकांना फेटा बांधून उभं करणार आहेत. मला बॅटरीवाल्या दिव्यांच्या रांगेत जागा मिळालीय, डाव्या बाजूला शेवटची.