अढळपदी 20.9

कांद्याचा भाव सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा. आमदाराच्या पक्षाचंही हल्ली तसंच आहे. अशा या चंचल राज्यात एक आकडा मात्र ध्रुवासारखा अढळ आहे. तो पाहायचा असेल तर औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच कारखान्यांत असते तशी, टाकीत उतरण्याच्या परमिटांची फाइल उघडावी. ‘ऑक्सिजन, टक्के’ या रकान्यात जानेवारीत 20.9, मे महिन्यात 20.9, भर श्रावणात 20.9. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत 20.9, मळीच्या टाकीत 20.9, नायट्रोजन मारून ठेवलेल्या रिॲक्टरमध्येसुद्धा 20.9. तारीख बदलते, टाकी बदलते, उतरणाऱ्याचं नाव बदलतं (ते कधी कधी बदलावंच लागतं, कारण आधीचा उरत नाही), पण आकडा हलत नाही. काही फायलींत तर तो झेरॉक्समधूनच येतो. मूळ कोऱ्या फॉर्मवर कुण्या दूरदर्शी माणसानं एकदा निळ्या पेनानं 20.9 लिहून ठेवलं आणि तेव्हापासूनच्या सगळ्या प्रतींवर तो काळ्या शाईत आपसूक उमटतो. भरायची उरते ती फक्त तारीख. तीही बऱ्याचदा महिनाअखेरीला, एका बैठकीत, चहाबरोबर भरली जाते.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही; खरं तर आकाशातूनच पडलेला आहे. मोकळ्या कोरड्या हवेत ऑक्सिजन असतोच तेवढा. महाबळेश्वरच्या पॉइंटावर आणि दादरच्या पुलावर त्याचं प्रमाण सारखंच. तेव्हा परमिटावरचा 20.9 टाकीबाहेरच्या जगाची खबर देतो, आणि ती देण्यासाठी टाकीपर्यंत चालत जावं लागत नाही. कारखान्यात मीटर नसतो असा आरोप मात्र कुणी करू नये. मीटर असतो. तो सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात, मूळ खोक्यात, थर्माकोलसकट असतो. एवढी महाग वस्तू ठेकेदाराच्या पोरांच्या हाती दिली तर ती टाकीत पडेल, अशी व्यवस्थापनाला रास्त भीती वाटते. पोरगा पडेल ही भीती वेगळ्या खात्याकडे असते. ऑडिटच्या दिवशी कपाट उघडतं, मीटर चार्जिंगला लागतो, दोनदा पिंग करतो आणि एसी केबिनमध्ये टेबलावर बसल्या बसल्या प्रामाणिकपणे 20.9 दाखवतो. ऑडिटर समाधानानं मान हलवतो. म्हणजे परमिटावरचा आकडा अगदीच खोटा असतो असं नाही. तो केबिनचा असतो. त्या परमिटांच्या भरवशावर साहेबांच्या केबिनमध्ये आजवर एकही माणूस गुदमरून मेलेला नाही, हे कुणालाही मान्य करावं लागेल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो कारखान्यातले जुनेजाणते लोक घेतात म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, न मोजता लिहिला तरी आकडा बहुधा बरोबरच असणार. हवा ती हवा, झाकण उघडलं की आत शिरतेच. शिरत नाही. बंद, ओलसर लोखंडी टाकीच्या भिंती गंजतात आणि गंज चढताना तो आतला ऑक्सिजनच खातो. नायट्रोजननं भरलेल्या भांड्यात तर ऑक्सिजनला जागाच नसते. 19.5 टक्क्यांच्या खाली श्वसनयंत्राशिवाय माणूस उतरवायचा नाही, असा संकेत आहे. 10 टक्क्यांच्या आसपास शुद्ध जाते. वाईट भाग असा की, जाताना काही कळत नाही. छातीत घुसमट होते ती कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. ऑक्सिजन नुसताच कमी झाला तर माणूस नेहमीसारखा श्वास घेत राहतो आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून मुकाट्यानं खाली बसतो. बरं, हे सगळं सोडून देऊ आणि समजू की कुणीतरी खरोखर मीटर घेऊन मॅनहोलपाशी गेला आणि मीटरनं खरोखर 20.9 दाखवलं. तरीही पुरत नाही, कारण ईटीपीच्या गाळात जो वायू दडलेला असतो तो ऑक्सिजनच्या रकान्यात दिसतच नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसणारा. त्याचं प्रमाण 700 ते 1000 पीपीएमपर्यंत गेलं की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. आता गणित करा. 1000 पीपीएम म्हणजे 0.1 टक्का. तेवढा वायू हवेत मिसळला तर ऑक्सिजन 20.9 वरून 20.88 वर येतो. मीटरच्या पडद्यावर दशांशानंतर एकच घर; तो पूर्णांकन करून 20.9 च दाखवणार. खोटा 20.9 माणूस मारतो हे समजण्यासारखं आहे. इथे खरासुद्धा मारतो. म्हणून तर चार वायूंचा मीटर असतो, म्हणून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी नळी सोडून मोजायचं असतं, आणि म्हणून काम चालू असेपर्यंत मीटर आतल्या माणसाच्या छातीवर लटकलेला असायला हवा. सकाळी नऊला टाकी निर्दोष असते, साडेनऊला कुणीतरी गाळात फावडं घालतो आणि महिनोन्‌महिने गाळात अडकलेला वायू सुटतो. नवाचं प्रमाणपत्र साडेनवाला निकामी होतं. ‘वास येतोच की, कळतं आम्हाला’ म्हणणाऱ्या मुकादमांसाठी एवढंच: सडक्या अंड्याचा तो वास अगदी थोडा वायू असतानाच येतो. 100 पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास थांबला की मुकादम खूश होतो, वायू गेला म्हणून.

कायद्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमातलं कलम 36 वाचलं तर ते लिहिणाऱ्याला आपली माणसं चांगली ओळखीची असावीत असं वाटतं. कुणालाही अशा जागेत उतरायला भाग पाडू नये ‘किंवा उतरू देऊ नये’, असं त्यात होतं. आधी आतला वायू काढण्याचे सगळे शक्य उपाय व्हायला हवेत, आणि मग एक तर सक्षम व्यक्तीनं स्वतः केलेल्या चाचणीच्या आधारे लेखी दाखला दिलेला हवा, नाही तर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. तो कायदा आता नव्या संहितेत विलीन झाला. दोर त्याआधीच कुठे तरी विलीन झाला होता. दुर्घटनेनंतर व्यवस्थापनाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: कामगार सूचना न मानता स्वतःहून उतरला. घटकाभर खरं मानू. ‘उतरू देऊ नये’ हे शब्द मग कुणासाठी होते? माणूस स्वतःहून उतरू शकला याचा अर्थ मॅनहोल उघडं होतं, झाकणाला कुलूप नव्हतं आणि बाहेर कुणी उभं नव्हतं. हा बचाव झाला की कबुलीजबाब, हे एखाद्या वकिलानंच सांगावं. परमिटावर बाहेर उभं राहणाऱ्याचंही नाव असतं, अटेंडंट म्हणून. तो त्या वेळी कुठे असतो ते सर्वांना ठाऊक आहे. तो सुपरवायझरचा चहा आणायला, नाही तर दुसऱ्या टाकीवर, तिथलाही अटेंडंट म्हणून गेलेला असतो. मग आतला दिसेनासा होतो, कुणीतरी हाक मारतं, उत्तर येत नाही, आणि भाऊ, मेहुणा, गावचा सोबती त्याला काढायला खाली उडी टाकतो. त्याच्यामागे तिसरा. अमेरिकेत 1986 साली निघालेल्या सरकारी इशाऱ्यातच नोंद आहे की, बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. हे कोडं सुटून चाळीस वर्षं झाली. आपल्याकडे मात्र दर वेळी बातमी ‘सहकाऱ्याला वाचवताना तिघांचा मृत्यू’ अशी नवलाईनं येते आणि दुसऱ्या दिवशी शौर्याचं कौतुक सुरू होतं. कौतुक करणाऱ्यांनी आधी सांगावं, दोर कुठे होता? तिपाई आणि चरखी कुठे होती? पहिल्याच्या कमरेला दोर असता तर तो बाहेरूनच ओढून काढता आला असता आणि दुसऱ्याला शूर होण्याची पाळीच आली नसती. शंभर-दीडशे रुपयांच्या नायलॉनच्या दोरापायी तीन घरं बसतात आणि आपण हार घालायला जातो. लाज वाटली पाहिजे.

असो. उद्योजकांचीही बाजू आहे. लहान कारखाना, त्यात पगार थकलेले, बँकेचा हप्ता, वर हजार परवाने. त्यात हे मीटर आणि तिपाया कुठून आणायच्या? गाऱ्हाणं अगदी पोकळ नाही. पण हिशेबच मांडायचा तर पुरता मांडू. जुन्या कायद्यात सुरक्षेच्या तरतुदी मोडल्यामुळे कामगार मेला तर जास्तीत जास्त दोन वर्षं कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. आणि दंडच करायचा तर तो 25 हजारांपेक्षा कमी करायचा नाही, एवढी कडक अट. ही रक्कम 1987 च्या दुरुस्तीत ठरली आणि तिथेच राहिली. या काळात सोनं कुठून कुठे गेलं ते घरोघर माहीत आहे. माणसाच्या मृत्यूचा किमान दर परमिटातल्या ऑक्सिजनइतकाच स्थिर. 2020 साली संमत झालेल्या संहितेत तो 5 लाखांवर नेला आणि निदान अर्धी रक्कम वारसांना देण्याचा आदेश कोर्ट काढू शकतं. सुधारणा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दंड होण्यासाठी आधी दोष सिद्ध व्हावा लागतो, आणि दोषाच्या आड नेमका तो कागद उभा राहतो. परमिट आहे. रकाना भरलेला आहे. सही आहे, शिक्का आहे. उतरणाऱ्याचा अंगठाही आहे, इंग्रजी फॉर्मवर, जो त्याला कुणी वाचून दाखवलेला नाही. परमिटाची सगळी करामत इथे आहे: टाकीत जाणाऱ्याचं रक्षण करण्यासाठी काढलेला कागद फाइलीत राहणाऱ्याचं रक्षण करतो. त्या अर्थानं तो अत्यंत कार्यक्षम आहे आणि 20.9 हा त्यातला सर्वात विश्वासू कामगार आहे. शेवटी ‘वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही’ हे पालुपद येतं. वीस वर्षांत काही झालं नाही याचा अर्थ वीस वर्षांत गाळ कधी पुरेसा सडला नव्हता, किंवा फावडं तिथे लागलं नव्हतं. वायूला सेवाज्येष्ठता कळत नाही.

4 मार्च आला की सुरक्षा सप्ताह सुरू होतो. छातीवर हिरवा बिल्ला, सामूहिक शपथ, घोषवाक्य स्पर्धा, पहिल्या नंबराला प्रेशर कुकर. ठेकेदाराच्या माणसांना शपथेला बोलवत नाहीत. ते टाकीत असतात.

तेव्हा एक साधी मागणी, कायदा न बदलता करता येण्यासारखी. ज्याची परमिटावर सही, त्यानंच टाकीच्या तोंडाशी मीटर धरावा, आकडा तिथेच लिहावा, आणि आतला माणूस बाहेर येईपर्यंत दोराचं मोकळं टोक त्याच्याच हातात असावं. जुन्या कलम 36 मधल्या ‘स्वतः केलेल्या चाचणीच्या आधारे’ या शब्दांतून याहून वेगळा अर्थ काढायला बरीच कायदेशीर कसरत लागेल. आकड्यांत त्याच आठवड्यात जीव येईल. 20.4 दिसतील, 19.1 दिसतील, ‘हायड्रोजन सल्फाइड 40, प्रवेश नाकारला’ असंही कुठे लिहिलेलं सापडेल. उन्हात तासभर दोर धरून उभ्या राहिलेल्या साहेबाला ब्लोअर लावायचा विसर पडत नाही, आणि चहा आणायला जाणारा अटेंडंटही त्याला लगेच दिसतो. यावर कारखानदार म्हणतील, अशानं सही करायला कुणीच तयार होणार नाही, कामं अडतील. नाही तयार झालं तर उत्तमच. ज्या टाकीत माणूस उतरवायला कुणी सही देत नाही, ती बाहेरून धुता येते. पाण्याचा दाब मारणारी जेटिंगची गाडी आणि गाळ खेचणारा पंप भाड्यानं मिळतो. त्यांना ऑक्सिजन किती लागतो हा रकाना कोरा सोडला तरी चालेल.