जिना आतून की बाहेरून?

पाऊस यंदा कसा पडेल हे सांगायला आमच्या पारनेर तालुक्यात जाणती माणसंही कचरतात. दुसऱ्याच्या घराचा जिना कुठून काढावा, हे सांगायला मात्र कुणालाच पंचांग लागत नाही. प्लॉटवरचं गवत काढायला नुसता माणूस लावला, की रस्त्याने जाणारा गाडी स्टँडवर लावून आत येतो, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना बघतो आणि विचारतो, "तोंड कुणीकडं करताय?" तोंड म्हणजे घराचं. मग आपण काहीही सांगितलं तरी तो मान हलवतो आणि म्हणतो, "तसं नका करू."

आमच्या घराचा नकाशा अशाच मतांवर वाढला. सुपा हे नगर-पुणे रस्त्यावरचं गाव. एमआयडीसी आली, वाढली आणि कंपन्यांत कामाला आलेली पोरं इथं खोल्या शोधू लागली. तेव्हापासून सुप्यात घर बांधणारा आधी भाडेकरूची सोय बघतो, मग स्वतःची. आमचाही पहिला मजला बराचसा असाच भरला. चार खोल्या, प्रत्येकीत ओटा, संडास-बाथरूम वेगळं, पाण्याची टाकी वेगळी, खाली मोटारसायकली लावायला जागा. अजून न आलेल्या या भाडेकरूंची सगळ्यांनी इतकी काळजी वाहिली, की खालच्या सहा माणसांनी सकाळी एकाच बाथरूमपुढे रांग कशी लावायची, हा प्रश्न कागदावर आलाच नाही.

भाडेकरूंच्या पाठोपाठ पाहुणे आले. हॉल मोठा हवा, कारण पाहुणे येतात. गेस्टरूम हवी, कारण पाहुणे राहतात. पुण्यातला पुतण्या पुढे गाडी घेईल, म्हणून पोर्च लांबवला. आत्याने सुचवलं की साखरपुडा घरातच करता येईल एवढा हॉल ठेवा. ज्याचा साखरपुडा व्हायचा तो त्या वेळी अंगणात गोट्या खेळत होता.

पण खरा वाद पेटला तो जिन्यावर. नगरहून आलेल्या इंजिनिअरला तो हिशेबाचा मामला वाटला. दहा फूट उंची चढायची तर सात इंचांच्या सतराएक पायऱ्या, तीन फूट रुंदी, मध्ये एक वळण. यात एक लहान खोली जाते, तेव्हा आतून घ्यायचा की बाहेरून ते आधी सांगा, एवढंच त्याचं म्हणणं. घरच्यांना मात्र जिन्यात पायऱ्या दिसत नाहीत, माणसं दिसतात. आतून घेतला तर वर राहणारे मुलगा-सून रात्री कितीही उशिरा आले तरी आईच्या खाटेसमोरून जाणार. बाहेरून घेतला तर वर चहा कधी झाला, भांडण कधी झालं, याचा खाली पत्ता लागणार नाही.

"बाहेरूनच घ्या," तात्या म्हणाले. "पुढंमागं बरं पडतं."

पुढंमागं म्हणजे काय, हे बैठकीतल्या प्रत्येकाला कळलं. धाकटा भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. त्याच्या बायकोने अर्धे भरलेले कपही गोळा केले. मी नकाशावर नसलेली धूळ झटकली. वाटणी हा शब्द कुणीच तोंडातून काढला नाही. इंजिनिअरने तो पूर्वेच्या भिंतीला लागून पेन्सिलीने काढला, तीन फूट रुंद.

जुन्या घरात ही पंचाईत नव्हती, कारण माळवदावर जायला शिडी पुरायची. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचं, एवढं सांगितलं की सोयऱ्यांना ऐपत कळायची. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचा आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी सहसा झिरपू देत नाही. म्हणून मृगाच्या आधी नवी माती वर नेऊन पसरायची. खोल्या माणसांना वाटून दिलेल्या नव्हत्या, त्या वेळेप्रमाणे बदलायच्या. ओसरीवर सकाळी पाहुण्यांचा चहा, दुपारी बाजरी निवडणं, रात्री आजोबांची घोंगडी. म्हणून त्या घराची फार आरती ओवाळायचं कारण नाही. उजेड यायचा तो छतातल्या सवण्यातून, तोही उरलासुरला. नव्या नवऱ्या-नवरीला दोन शब्द बोलायला कोपरा नव्हता. आणि आजीचे डोळे गेले ते चुलीच्या धुराने.

श्रीमंतांचे वाडेही तालुक्यात आहेत. पळशीला होळकरांच्या दिवाणांचा, म्हणजे पळशीकरांचा वाडा. जामगावला महादजी शिंद्यांचा. तिथे गेलं की पुरुषमंडळी लाकडावरचं कोरीवकाम बघत उभी राहतात. बायका स्वयंपाकघर कुठे होतं ते शोधतात.

जिन्यानंतर वास्तुशास्त्राची पाळी. ईशान्येला देव, आग्नेयेला चूल, नैर्ऋत्येला कर्ता पुरुष आणि वायव्येला पाहुणे, म्हणजे ते फार दिवस टिकत नाहीत. इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण आमचा रस्ता दक्षिणेला, आणि दक्षिणेला दार नको. म्हणून पूर्वेला, शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून दार काढायचं ठरू लागलं. आबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "लक्ष्मी पूर्वेनं येईल हे खरं. पण तिला त्यांची भिंत चढून यावं लागंल." दार दक्षिणेलाच राहिलं.

सुप्यात खरा वास्तुतज्ज्ञ आहे तो वारा. कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की दारं आपटतात, गॅस विझतो आणि दोरीवरचे कपडे शेजाऱ्याकडून मागून आणावे लागतात. त्या दृष्टीने आग्नेयेच्या चुलीत शहाणपण आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, त्यामुळे फोडणीचा ठसका घरभर न फिरता बाहेर जातो. उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्रभर ती ऊब परत देत राहते. तिथे झोपायची खोली काढणं म्हणजे माणसाला तव्यावर निजवणं. कोठी, बाथरूम, जिना असली मंडळी त्या बाजूला उभी केली, तर ऊन ती सोसतात.

पाण्याचंही तसंच. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. बोअरला पाणी लागेल का हे बघायला तळहातावर नारळ धरून फिरणाऱ्याला आम्ही आनंदाने दक्षिणा देतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक मिलीमीटर पाऊस पडला तर जवळपास ९३ लिटर पाणी होतं, हे गणित मात्र कुणी विचारत नाही. नकाशात गाडीला जागा असते, पन्हाळीखालच्या टाकीला नसते.

पुढे फक्की मारायचा दिवस आला. नकाशा कागदावर ऐसपैस दिसतो. जमिनीवर पांढऱ्या रेघा पडल्या की छातीत धस्स होतं. हा एवढाच हॉल? गवंडी सांगतात, भिंती उठल्या की खोली मोठी वाटते. ते खरंही आहे. पण एक प्रश्न त्याआधी विचारून घ्यावा. दहा बाय दहाची खोली म्हणजे बाहेरून बाहेर की आतून आत? नऊ इंची भिंती धरून बाहेरून दहा असेल, तर आत साडेआठ बाय साडेआठ उरतात. शंभर चौरस फुटांतले जवळपास २८ भिंतींनीच खाल्लेले असतात.

आई त्या दिवशी पहिल्यांदा प्लॉटवर आली. रेघा ओलांडून कुठूनही जाता येत होतं, पण ती दारासाठी सोडलेल्या फटीतूनच आत शिरली. हॉल सरळ पार केला, स्वयंपाकघरात गेली आणि मातीवर पदर सावरून बसली. समोर परात आहे असं धरून तिने दोन्ही हात हलवले, मग पाय लांब केले. पाय रेघेपलीकडे, हॉलमध्ये गेले.

"भाकरी थापायला बसू कुठं?" तिने विचारलं. "ओट्यापुढं उभं राहून माझे गुडघे ऐकत नाहीत."

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं, मी तात्यांकडे, तात्यांनी पवनचक्कीकडे. आईने उठून चपलेने रेघ पुसली आणि दीड फूट पलीकडे पायानेच नवी ओढली. असं चालतं का, तर चालतं. आरसीसीच्या घरात वजन कॉलम आणि बीम पेलतात. मधली भिंत कॉलमच्या ओळीत नसली तरी, जागा आधी ठरली असेल तर इंजिनिअर तिची सोय करू शकतो. साखरपुड्याचा हॉल दीड फुटाने आखडला. मग तिने जिन्याकडे मोर्चा वळवला. सकाळचं कोवळं ऊन अडवायला पूर्वेला कशाला, पश्चिमेला न्या, असं म्हणाली. बाहेरूनच असू द्या, पण खाली पायथ्याशी घरात उघडणारं एक दार ठेवा. ते उघडं ठेवायचं की लावून घ्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. तात्यांना बाहेरचा जिना मिळाला, धाकट्याच्या बायकोला कडी. बैठकांत जे सुटत नव्हतं ते तिथल्या तिथे सुटलं.

घराला जागा किती लागते, याची उत्तरं आसपासच आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं, तेही स्वयंपाकाची जागा धरून. इथून जवळच राळेगणसिद्धीला अण्णा हजारे वर्षानुवर्षं यादवबाबांच्या मंदिरातल्या खोलीत राहिले. त्यांना जिन्याचा प्रश्न पडला नाही. आपण संसारी माणसं, आपल्याला पडणारच. तरी आमच्या मूळ नकाशात पोर्च, हॉल आणि गेस्टरूम मिळून एका घरकुलाहून जास्त जागा अडवून बसले होते, आणि त्यांत रोज राहणारं कुणीच नव्हतं.

स्लॅबवर मात्र पुढच्या मजल्यासाठी कॉलमचे गज सोडलेच आहेत. सगळ्या गावाचे असतात. त्यांना काळी बाहुली टांगतात, गंज चढतो, आणि ज्याच्यासाठी सोडले तो चाकणला फ्लॅट घेतो. एवढी आशा ठेवायला हरकत नाही.

घर काढलेल्यांना विनंती एकच. नकाशावर सही करण्याआधी फक्की मारून घ्या आणि घरात सगळ्यात जास्त वेळ घालवणाऱ्या माणसाला त्या रेघांमध्ये बसवा, चालवा, आडवं होऊ द्या. पाहुण्यांना नंतर विचारता येईल. फक्की चपलेने पुसते. भिंतीला ब्रेकर लागतो.