राठ महानगराचे अभिनंदन

समलिंगी विवाहाची मागणी ही केवळ शहरी उच्चभ्रूंची आहे, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लेखी कळवले. या निवेदनाचे व्हायला हवे होते तेवढे कौतुक झाले नाही. मागणीला उत्तर द्यायचे तर मागणाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते, कायदा उघडून बघावा लागतो. त्यापेक्षा मागणाऱ्याचा पत्ताच बदलून टाकणे किती सुटसुटीत. इतर खात्यांनीही हे गिरवण्याजोगे आहे.

शिवाय बुंदेलखंडाचा जो विकास आजवर एकाही पॅकेजला जमला नाही, तो या एका वाक्याने करून दाखवला.  दुष्काळ पडला की माणसे मजुरीसाठी बाहेर पडतात असा हा सगळा मुलूख. त्यातल्याच हमीरपूर जिल्ह्यात राठ आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या दोघींनी, आपापल्या नवऱ्यांपासून वेगळ्या होऊन, एकमेकींना हार घातले आणि विवाहनोंदणीची कचेरी गाठली. तशी तरतूद नाही, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. मागणी शहरी उच्चभ्रूंची असते हे सरकारने ठरवलेलेच आहे. तेव्हा राठ हे महानगर आणि त्या दोघी तिथल्या उच्चभ्रू, हे ओघाने आलेच. नकाशात तेवढी दुरुस्ती व्हायची राहिली आहे.

भोपाळला १९८७ मध्ये सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी लग्न केले आणि दोघींचीही नोकरी गेली. शिपायाच्या पगारातही उच्चभ्रू होता येते, ही माहिती वेतन आयोगाच्या उपयोगाची आहे. कापसासाठी आणि शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळात २०१७ च्या डिसेंबरात एका तरुणाने आपल्या जोडीदाराशी लग्न केले, म्हणजे यवतमाळही महानगरांच्या यादीत गेले. नेपाळचे काय म्हणावे? तिथली पहिली समलिंगी विवाहनोंदणी २०२३ च्या नोव्हेंबरात लमजुंग जिल्ह्यातल्या एका ग्रामपालिकेत झाली. काठमांडूला डावलून डोंगरातल्या खेड्याने उच्चभ्रूपणा करावा, हे आपल्या सरकारच्या सिद्धान्ताशी जुळत नाही. नेपाळने फेरविचार करावा.

तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात, शेतात राबणारी बाईही समलिंगी असू शकते, असे म्हटले. निकाल मात्र संयमाचा लागला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायमूर्तींचे यावर एकमत झाले, की विवाह हा मूलभूत हक्क नाही. कायदा करायचा तर तो संसदेने करावा. सरकारचेही म्हणणे हेच होते, की हा विषय संसदेचा. आणि संसदेत? बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक एप्रिल २०२२ मध्येच लोकसभेत मांडले होते. पण घाईघाईने विधेयकांवर चर्चा करणाऱ्यांपैकी आपले सभागृह नाही. निकालावरच्या पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये न्यायमूर्तींच्या दालनातच फेटाळल्या गेल्या. खुल्या न्यायालयाचा वेळ वाचला.

तरी सरकारला निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. न्यायालयाला दिलेल्या शब्दाप्रमाणे एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फळही हाती आले. अर्थखात्याने स्पष्ट केले, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास बंदी नाही. अशी बंदी आधीही नव्हती. दोन मित्र, मावशी आणि भाची, वाड्यातले दोन भाडेकरू, कोणीही असे खाते पूर्वीपासून उघडू शकत होते. जे होतेच तेच पुन्हा प्रेमाने हातावर ठेवायचे, याला मोठे मन लागते. शिधापत्रिकेवर दोघांना एकाच कुटुंबात धरावे, असेही राज्यांना सांगण्यात आले. म्हणजे गहू-तांदूळ तोलताना ते कुटुंब आहे. वारसाहक्क, निवृत्तिवेतन, मूल दत्तक घेणे, यांच्या दारात पोचेपर्यंत मात्र ते कुटुंब पुन्हा दोन सुट्या माणसांचे झालेले असते.

सर्वांत हळुवार पत्र आरोग्य मंत्रालयाचे आहे. जोडीदाराचा मृतदेह ताब्यात घेता यावा, अशी व्यवस्था राज्यांनी करावी, असे ते सांगते. मात्र जवळचे नातलग उपलब्ध नसतील तेव्हा. इतका समतोल क्वचित साधतो. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात जिला आयुष्यभर ‘मैत्रीण’ लिहावे लागले, तिने शवागाराबाहेरच्या बाकावर बसायचे. आधी भावाची वाट बघायची. ज्याने बहिणीला घराबाहेर काढले तोच भाऊ. मग चुलत्याची, मग पुतण्याची. त्यांच्यापैकी कोणी आले, तर देह त्यांचा. कोणीच फिरकले नाही, तर तिला आत बोलावतील. तिने त्या पत्राची प्रत तेवढी पर्समध्ये ठेवावी, कारण रात्रपाळीच्या कारकुनापर्यंत ते पोचले असेलच असे नाही.