पुण्याचे मामा

कळमनुरीतलं पोरगं पुण्याला निघालं की आई धपाट्यांचा डबा भरते आणि बाप त्याला मामांकडे पाठवतो. हे मामा कोणाचेच सख्खे नाहीत. पुण्यात राहून आले, एवढ्या भांडवलावर गावानं त्यांना हे नातं बहाल केलंय. राहिले किती? अकरा महिने. करार संपला, मालकानं भाडं वाढवलं, मामा माघारी आले. त्याला आता वीस वर्षं होतील. पण बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून ते पुण्याबद्दल असं बोलतात, जणू आज पहाटेच्याच ट्रॅव्हल्समधून उतरलेत.

पुण्याचा नकाशा त्यांनी तालुक्याच्या मापात बसवलाय. "हिंजवडी ते स्वारगेट म्हणजे आपलं कळमनुरी ते हिंगोली समज. पण आपण हिंगोलीला जाऊन, हळदीचा भाव विचारून, चहा पिऊन माघारी येतो, तवर तिथली बस वाकडलाच." स्पर्धा परीक्षेवाल्याला सदाशिव पेठ. "कॉट बेसिस म्हणजे खोली तुझी नाही, खाट तुझी. तीबी तू झोपलेला असशील तवरच." आयटीवाल्याला वाकड. बाकीच्यांची वाटणी पिकावर होते: घरी हळद असेल तर कर्वेनगर, नुसतं सोयाबीन असेल तर नऱ्हे.

मग तालीम. मामा खुर्चीत रेलतात, चष्मा नाकावर घेतात आणि घरमालक होतात.

"लग्न झालंय?"

"नाही."

"चुकलास! ठरलंय म्हणावं. गावाकडून कोण येणार?"

"कोणीच नाही."

"शाबास."

खरं तर महिन्याच्या आत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चुलता आणि भरतीला निघालेले दोन मित्र त्याच खोलीत मुक्कामाला असणार, हे त्या पोराला माहीत असतं, मामांनाही. "जेवणात काय?" या प्रश्नाचं उत्तर मात्र ते पोरावर सोडत नाहीत. "वरण. काहीबी झालं तरी वरण."

एकदाच ही तालीम अडली. शिंप्याचं पोरगं समोर होतं. मामांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पूर्ण नाव?" पोरानं ते सांगितलं. मुसलमानाचं नाव. मामांचा चष्मा नाकावरच राहिला. याला काय शिकवावं? वरण चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी दोन चहा सांगितले आणि ओळखीपाळखीच्यांना फोन लावत बसले. सातव्या फोनला कोंढव्यात खोली मिळाली. त्या दिवशी मामांनी पुण्याबद्दल पुढे एक शब्द काढला नाही. त्यांच्या हिशेबात हा मोठाच निषेध.

कायद्यात मात्र ते कच्चे आहेत आणि ते त्यांना पटवणं अवघड आहे. "अकरा महिन्यांचा कागद नोंदवायचं काम नाही," हे त्यांचं ब्रीद. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवायलाच हवा, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. अकरा महिन्यांची युक्ती निघाली ती तिथूनच. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ नं लिव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदवलेला हवा असं ठरवलं, आणि ती जबाबदारी टाकली मालकावर. नोंदवला नाही, तर अटींबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचे पेढे मामांनी गल्लीभर वाटले होते. कायदा अजून त्यांच्या गल्लीत शिरायचाय.

शिरला तर पंचाईत त्यांचीच होईल. कारण वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्या मामा भाड्यानं देतात, शंभराच्या स्टँपवर.

गेल्या महिन्यात बँकेत बदलून आलेलं एक पुण्याचं पोरगं त्या खोल्या बघायला आलं. मी तिथंच ओट्यावर होतो. येण्याआधी ते हॉटेलात चहा पिऊन आलं होतं, आणि तो हॉटेलवाला ही तालीम वीस वर्षं फुकट ऐकतोय.

मामांनी चष्मा नाकावर घेतला. "लग्न झालंय?"

"ठरलंय."

"गावाकडून कोण येणार?"

"कोणीच नाही."

"जेवणात?"

"वरण."

मामांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मुलीचं गाव कोणतं?"

हॉटेलवाल्यानं एवढं शिकवलं नव्हतं.