गोव्याची फाइल आधी काढा

एप्स्टीनच्या कागदांत कुणाची नावं निघाली, हा प्रश्न हल्ली पेडण्याच्या बाजारातही विचारला जातो आणि डिचोलीच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या टेबलावरही. मोबाइलवर याद्या फिरतात. खरी कुठली, बनावट कुठली, याची पर्वा कुणाला नाही. "आपल्याकडचा कोण आहे का रे त्यात?" एवढं कळलं की झालं.

ते कागद बाहेर कसे आले ते आधी नीट बघू. जेफ्री एप्स्टीनला अल्पवयीन मुलींच्या लैंगिक व्यापाराच्या आरोपाखाली जुलै २०१९ मध्ये अटक झाली आणि ऑगस्टमध्ये तो कोठडीतच मेला. त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिला २०२२ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. तरीही तपासाचे कागद कपाटातच होते. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. प्रतिनिधिगृहात ४२७ मतं बाजूने पडली, विरोधात एक. कागद आले तेव्हा कित्येक पानं काळ्या पट्ट्यांनी पुसलेली होती, आणि ज्यांना झाकायचं त्या पीडित मुलींपैकी काहींची नावं मात्र उघडी राहून गेली. ज्या बायका वर्षानुवर्षं तोंड लपवून जगल्या, त्यांना सरकारी खात्याच्या ढिसाळपणाने चव्हाट्यावर आणलं. याला गुन्हाच म्हणायला हवं, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

आता आपल्या घरात या.

एप्रिल १९९१. मडगावला लागून असलेलं फातोर्डा. तिथे फ्रेडी पीट्स नावाचा माणूस मुलांसाठी 'गुरुकुल' चालवत होता. निराधार, गरीब घरची मुलं. शेजारीपाजारी त्याला समाजसेवक समजत. पोलिसांनी घराची झडती घेतली तेव्हा २३०५ फोटो सापडले, निगेटिव्हच्या १३५ पट्ट्या सापडल्या. मुलांचे, आणि मुलांबरोबर परदेशी पुरुषांचे. आसरा म्हणून उघडलेल्या घरातून मुलं पर्यटकांना पुरवली जात होती. मार्च १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयाने पीट्सला जन्मठेप दिली. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या संघटित धंद्याबद्दल भारतात झालेली ही पहिली शिक्षा मानली जाते. २००५ साली तो शिक्षा भोगत असतानाच मेला.

हे प्रकरण तडीला गेलं ते आपोआप नाही. पत्रकार शीला बर्से हे नाव आज पणजीतल्या पत्रकारितेच्या वर्गातही सांगावं लागत असेल, तर ती आमची लाज आहे. या बाईंनी १९८३ मध्ये मुंबईच्या पोलिस कोठड्यांतल्या स्त्रियांसाठी सर्वोच्च न्यायालयाकडून आदेश मिळवला होता. १९८६ मध्ये देशभरच्या तुरुंगांत किती मुलं डांबली आहेत, ते सांगा म्हणून राज्यांना कोर्टात उभं केलं होतं. राज्यं आकडे देईनात, तारखा लांबू लागल्या, तेव्हा वैतागून त्यांनी अर्ज मागे घ्यायचं ठरवलं. १९८८ मध्ये कोर्टाने त्यांचं नाव वगळलं आणि अर्ज चालूच ठेवला. कागद मागत राहायचं, मिळाला नाही तर पुन्हा मागायचं, ही त्यांची पद्धत. तीच चिकाटी त्यांनी पीट्सच्या प्रकरणात लावली. ते सीबीआयकडे गेलं, आणि फोटोंतल्या परदेशी चेहऱ्यांचा माग सुरू झाला.

त्या मागाचं पुढे काय झालं? ऑस्ट्रेलियातून वर्नर इंगो या आरोपीला २००५ मध्ये भारतात आणलं गेलं. म्हणजे फाइल निघाल्यापासून चौदा वर्षांनी. ब्रिटनमधला रेमंड व्हार्ली हा दुसरा आरोपी. त्याला तिथे २०१२ मध्ये पकडलं, पण स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून लंडनच्या न्यायालयाने त्याला भारताच्या हवाली करायला नकार दिला. त्याच्यावरचे आरोप भारतातल्या कुठल्याही कोर्टात तपासलेच गेले नाहीत. खरे होते की खोटे, हे ठरवायची संधी वेळेनेच खाल्ली. आरोपी म्हातारा होईपर्यंत कागद फिरत राहिला, आणि तेवढ्या काळात ती मुलं बापे झाली. आज ती चाळिशी-पन्नाशीत असतील.

म्हणून माझा सवाल एप्स्टीनच्या यादीबद्दल नाही. १९९१ आणि १९९२ साली गोवा सरकारच्या गृहखात्याने, पोलिस मुख्यालयाने आणि समाजकल्याण खात्याने या प्रकरणात काय लिहिलं, कुणी कुठला शेरा मारला, कुठली टिपणी कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होती, ते मला वाचायचं आहे. पीट्सने काय केलं ते निकालात आलं. त्याच्या दारावर इतकी वर्षं कुणी थाप का मारली नाही, याचा हिशेब सरकारी फायलीत असतो. तो मागायचा हक्क आपल्याला आहे.

कसा, ते सांगतो. माहिती अधिकार कायद्यात तपासात अडथळा येईल म्हणून माहिती नाकारायची मुभा आहे, कलम ८(१)(ह). वैयक्तिक माहितीचंही कलम आहे, आणि नव्या विदा संरक्षण कायद्याने ते आणखी घट्ट केलं आहे. माहिती अधिकाऱ्यांची ही दोन लाडकी कलमं. पण त्याच कलम ८ च्या तिसऱ्या पोटकलमात लिहिलंय की वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती मागितली तर ती द्यायची. देशाचं सार्वभौमत्व, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढेच अपवाद उरतात. तपासाचं कारण गळून पडतं, वैयक्तिक माहितीचंही. सीबीआयला २०११ मध्ये या कायद्यातून बाहेर काढलं, ते खरं. पण तिथेही मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीने द्यावी लागते. आणि गोव्याच्या गृहखात्याच्या टिपण्यांचा सीबीआयशी संबंध काय? त्या पर्वरीच्या सचिवालयाच्या मालकीच्या आहेत. म्हणजे आपल्या.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. ते २३०५ फोटो कुणीही मागू नयेत. ते उघडायची भाषा कुणी केली तर मी आडवा पडेन. मुलांची नावं, गावं, शाळा, आईबापांचा धंदा, ओळख पटेल असं काहीही बाहेर येता कामा नये. कायद्याचं कलम १० त्यासाठीच आहे: झाकायचं ते झाका, उरलेलं द्या. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की पीडित व्यक्तीचं नाव तर नाहीच, पण ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायचा नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्यातही तेच आहे. काळी पट्टी मुलाच्या नावावर हवी. अधिकाऱ्याच्या सहीवर ती मारायचं कारण नाही.

आपल्या समाजाला नेमकं याच्या उलट आवडतं. १९९४ साली जळगावात मुलींना जाळ्यात ओढून धमकावल्याचं प्रकरण निघालं. गाव तपासापेक्षा फोटोंच्या आणि यादीच्या अफवांत रमलं. मुली पुढे येईनात, आणि जळगावची मुलगी म्हटल्यावर स्थळं मागे फिरू लागली. अजमेरमध्ये १९९२ साली मुलींचे फोटो काढून त्यांना धमकावलं जात होतं, तेव्हा ज्या फोटो लॅबमध्ये निगेटिव्ह धुवायला गेल्या तिथूनही प्रती बाहेर पडल्या. आरोपींपैकी सहा जणांना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. बत्तीस वर्षांनी. साक्षीला बोलावलेल्या बायकांना घरात नातवंडं झाली होती, आणि त्यांना पुन्हा तेच सगळं कोर्टात सांगावं लागलं.

गोव्याने एक चांगली गोष्ट केली, तिचं श्रेय द्यायला हवं. पीट्सनंतर बारा वर्षांनी, २००३ मध्ये, आपण स्वतःचा बालकायदा केला. देशात पोक्सो यायला तेव्हा नऊ वर्षं होती. त्या कायद्यात लिहिलंय की फोटो धुणाऱ्याला मुलाचं अश्लील चित्रण दिसलं तर त्याने जवळच्या पोलिस ठाण्यात कळवायचं, नाही कळवलं तर तुरुंग आणि दंड. फातोर्ड्याची आठवण या कलमाच्या अक्षराअक्षरात आहे. आणखी लिहिलंय की हॉटेलच्या किंवा लॉजच्या खोलीत मूल जाईल ते फक्त कुटुंबाबरोबर, नातेवाइकाबरोबर, आणि तशी नोंद असेल तरच. विमानतळ, रेल्वे, सीमेवरचे आणि वाहतुकीचे पोलिस यांनी संशय आला तर कळवायचं, हेही त्यात आहे.

हा कायदा झाला तेव्हा पेडण्यात विमानतळ नव्हता. आता मोप्याला आहे, जानेवारी २०२३ पासून. सीमेवरचा पत्रादेवीचा नाका पेडण्यात. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी, केरी हे किनारे पेडण्यात. म्हणजे त्या कायद्याचं ओझं आज सगळ्यांत जास्त कुठल्या तालुक्यावर आहे, ते सांगायला नको.

हरमलच्या गल्लीत घरातल्या दोन खोल्या भाड्याने देणाऱ्याचं रजिस्टर मी पाहिलंय. लांबट वही, पेनाने ओढलेल्या रेघा. नाव, पत्ता, कुठून आले, आधार किंवा पासपोर्ट, आत येण्याची वेळ, सही. परदेशी असेल तर चोवीस तासांत फॉर्म सी भरायचा, ते त्याला चोख माहीत होतं. दंडाची भीती असते. मूल बरोबर असेल तर त्याचा रकानाच नव्हता. एका पानावर 'सोबत १' एवढंच लिहिलेलं. कोण सोबत, किती वर्षांचं, काय नातं? "बाब, ते कोण विचारतलो?" तो मला म्हणाला, आणि त्याच्यावर रागवावंसं मला वाटलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या पंचायतीने त्याला परवाना दिला, ज्या पर्यटन खात्याने त्याची नोंदणी केली, त्यांनी सांगायचं होतं. परवान्याच्या मागच्या बाजूला मुलाच्या नोंदीचं कलम मराठीत, कोकणीत आणि हिंदीत छापायला किती खर्च येतो? पेडणे तालुक्यातल्या सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेत एवढं तरी उत्तर द्यावं.

डिचोलीकर म्हणतील, आम्हाला किनारा नाही, हा विषय खालच्या लोकांचा. फातोर्ड्यालाही किनारा नाही. तिथे फुटबॉलचं स्टेडियम आहे आणि मध्यमवर्गीय वस्ती आहे. पीट्सला समुद्र लागला नाही. त्याला एक बंद दार, चांगलं नाव आणि गरिबांची मुलं लागली. ही तिन्ही डिचोलीत मिळत नाहीत असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार असेल तर सांगावं. ट्रकवाल्यांची, वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची, परराज्यातून आलेल्या मजुरांची मुलं आपल्याकडेही आहेत, आणि वसतिगृहं, आश्रम, कोचिंगच्या नावाने मुलं ठेवणारी घरंही आहेत. बहुतेक ठिकाणी भली माणसंच असतील. पण भलेपणाची तपासणी होत नाही तिथे वाईटाला बसायला जागा मिळते.

बालन्याय कायदा २०१५ यासाठी पुरेसा स्पष्ट आहे. मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी हवी. तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी निदान एकदा तिथे जायचं, किमान तिघांनी, त्यांत एक बाई आणि एक डॉक्टर असायलाच हवा, आणि आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. म्हणजे उत्तर गोव्यात जेवढ्या नोंदणीकृत संस्था, तेवढे वर्षाला चार-चार अहवाल कुठल्यातरी कपाटात असायला हवेत. असतील तर दाखवा. नसतील तर तेही लेखी द्या.

तेव्हा दोन अर्ज. दहा रुपयांचा एकेक. पहिला पर्वरीला, गृहखात्याच्या माहिती अधिकाऱ्याला: फातोर्डा येथील १९९१ च्या प्रकरणी त्या आणि पुढच्या वर्षीच्या टिपण्या, पत्रव्यवहार आणि शेरे, कलम ८(३) प्रमाणे, मुलांची ओळख कलम १० प्रमाणे झाकून. दुसरा महिला व बालविकास खात्याला: पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या बालसंस्थांच्या गेल्या दोन वर्षांच्या तपासणी अहवालांच्या प्रती, मुलांची नावं झाकून, तपासणी करणाऱ्यांच्या सह्यांसकट. अर्जात 'प्रती' हा शब्द घालायला विसरू नका, नाहीतर "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं.

उत्तराला तीस दिवस. आलं नाही किंवा नकार आला तर पुढच्या तीस दिवसांत त्याच खात्यात पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. माझे दोन्ही अर्ज या आठवड्यात जात आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरीतून आणखी कुणी पाठवणार असेल तर पोचपावती जपून ठेवा, आणि नकार आला तर त्याची प्रत या सदराच्या पत्त्यावर टाका. अधिकाऱ्याच्या नावासकट छापू.