नाकपुडी : वापर आणि निगा

नांदूरघाट (ता. केज, जि. बीड) व पंचक्रोशीतील समस्त नाकधारकांसाठी हे मार्गदर्शन प्रसृत करण्यात येत आहे. बाहेरगावच्यांनी वाचायला हरकत नाही. फक्त नाक स्वतःचं वापरावं.

प्रथम व्याख्या. नाकाच्या बुडाशी उघडणारं भोक आणि त्याच्या बाजूची फुगणारी पाकळी मिळून एक नाकपुडी होते. संस्कृतात ती नासापुट, शरीरशास्त्राच्या पुस्तकात नासारंध्र, डॉक्टरांच्या लॅटिनात नेरिस. गावात यातलं काहीही बोलू नये. ‘डावं नासारंध्र अवरुद्ध आहे’ असं दवाखान्यात सांगितलंत, तर कंपाउंडर आधी तुमच्यासोबत आलेल्या माणसाकडे बघेल. ‘डावं नाक चोंदलंय’ म्हणावं. एका माणसाला दोन नाकं असतात हे मराठीनं कधीच मान्य केलेलं आहे.

मानापमानाच्या बाबतीत मात्र नाकपुडीवर अन्याय झालाय. कापलं जातं नाक, घासलं जातं नाक, मुरडतात नाक, कांदेही नाकानंच सोलतात. श्वास ओढायची मजुरी नाकपुडीची आणि मिरवायला नाक! तिच्या वाट्याला आलं ते एवढंच, फुगणं. म्हणून ते तरी नीट करावं. लग्नात मामांना फेटा बांधायचा राहिला, तर मामांनी ओठ मिटावेत, नजर मंडपाच्या झालरीवर लावावी आणि दोन्ही नाकपुड्या एकदम फुगवाव्यात. शब्द बोलू नये. बोललं की लोक समजूत काढतात आणि विषय मिटतो.

बाजारात उलटं धोरण ठेवावं. नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायला गेलात तर जुना दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. बोटं झाकली जातात, नाकपुड्या उघड्याच राहतात. “आबा, द्यायचा का?” “द्यायचा म्हणून तर आणलाय.” एवढ्यात समोरच्याची नाकपुडी थरथरली, की भाव अजून खाली येणार हे ओळखावं. मग बैलाचे दात बघावेत आणि नाकाडावर हात ठेवावा. धडधाकट जनावराचं नाकाड ओलसर असतं. कोरडं ठणठणीत लागलं तर तापाची शंका घ्यावी. वेसण पुडीतून जात नाही, मधल्या पडद्यातून जाते. पुडी टोचतात ती नथीसाठी, आपल्याकडे डावी. या दोन्हींची गल्लत घरात बोलताना तरी करू नये.

दोन्ही नाकपुड्या सारख्याच चालतात, हा गैरसमज आहे. आतलं अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं. ते एका बाजूला फुगतं तेव्हा दुसऱ्या बाजूला ओसरतं आणि काही तासांनी बाजू बदलते. शेतातल्या लाइटसारखी पाळी असते म्हणा, फक्त महावितरणचा संबंध नसल्यानं सहसा चुकत नाही. कायझर या जर्मन डॉक्टरांनी 1895 साली हे नोंदवलं. आपले स्वरशास्त्रवाले त्याआधीपासून डावीला चंद्र आणि उजवीला सूर्य म्हणत आले होते. खात्री करायची तर स्टीलचं थंड ताट नाकाखाली आडवं धरावं आणि श्वास सोडावा. वाफेचे दोन डाग उमटतील. मोठा डाग ज्या बाजूचा, तिची पाळी चालू.

निगेबद्दल. नाकपुडीच्या तोंडाशी असलेले केस धूळ अडवायला असतात, उपटू नयेत. तपकिरीची चिमूट ओढणाऱ्यांनी समोर कोण बसलंय ते पाहून ओढावी. बोट घालू नये. ही सूचना कुणीच पाळत नाही हे माहीत असूनही दिली आहे, कारण उन्हाळ्यात आतली त्वचा सुकते, नख लागतं आणि घोळणा फुटतो.

घोळणा फुटला की आपल्याकडे चार माणसं पोराची मान मागे टाकतात. तसं करू नये. रक्त घशात उतरतं. पोराला बसवून पुढे झुकवावं, नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत दहा मिनिटं सलग दाबून धरावा, मधे सोडून बघू नये, श्वास तोंडानं घ्यायला सांगावं. तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठावा. आणि हुंगवायला कुणी कांदा घेऊन आलाच, तर त्याचे आभार मानून तो रात्रीच्या भाकरीसाठी ठेवून द्यावा.