प्राध्यापकसाहेबांची बदली

पन्नाशीला टेकलेल्या प्राध्यापकाला आपल्याकडे दोनच स्वप्नं पडतात. एक विभागप्रमुखाच्या खुर्चीचं, आणि ती मिळाल्यावर कुलगुरूंच्या खुर्चीचं. तिसरं पडलं तर घरचे डॉक्टरांना विचारतात. ज्ञानेश्वरी घेऊन बसायचं असेल तर तीही पेन्शनचा पहिला हप्ता जमा झाल्यावर.

म्हणून जॉन पोल्किंगहॉर्न या गृहस्थांचा विचार मनात आला की मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या सहकाऱ्यांचीच जास्त दया येते. केंब्रिजमध्ये १९६८ पासून हे गणिती भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पीएच.डी.ला मार्गदर्शक अब्दुस सलाम, व्याख्यानं ऐकलेली डिरॅक यांची. विषय मूलकणांचा, म्हणजे जे कुणाला दिसत नाही त्याबद्दल ठामपणे बोलण्याचा. (पुढच्या नोकरीसाठी याहून चांगला अनुभव कुठला?) १९७४ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळालेली. आणि १९७९ मध्ये हे राजीनामा देतात, का, तर अँग्लिकन चर्चमध्ये धर्मगुरू व्हायचंय!

कॉलेजच्या जेवणाच्या टेबलावर त्या आठवड्यात काय काय शिजलं असेल! कुणाशी तरी बिनसलं असणार. संशोधनावरचा विश्वास उडाला असणार. रात्री काही साक्षात्कार झाला असणार. खरी गोष्ट मात्र फारच सपक होती. कुणाशी भांडण नव्हतं, दिव्य प्रकाश दिसला नव्हता, आणि भौतिकशास्त्रावरचं प्रेमही आटलं नव्हतं. लहानपणापासून ते चर्चला जाणारेच होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की गणिती विषयांत माणूस आपलं चांगलं काम तरुणपणी करतो. पंचवीसेक वर्षांत आपल्या वाट्याचं करून झालं, आता दुसरं काहीतरी करावं. ‘आपल्या वाट्याचं करून झालं’ हे वाक्य एखाद्या विद्वानाच्या तोंडून ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. विद्वान थांबत नाहीत, त्यांना निवृत्त करावं लागतं.

वडील पोस्टात नोकरीला होते, त्यामुळे असेल, पण या साऱ्या प्रकाराकडे पोल्किंगहॉर्न एखाद्या बदलीसारखं बघत असावेत असं मला वाटतं. खातं तेच, टेबल दुसरं. त्यात अँग्लिकन धर्मगुरूला संसार करता येतो. तेव्हा बायको-मुलांना सोडून रात्री गुपचूप निघून जाण्याचाही प्रश्न नव्हता. नाट्य जमवायचं म्हटलं तरी कुठून जमवणार?

मला या चरित्रात विज्ञान आणि धर्म यांच्या समेटापेक्षा पुढची पाचसात वर्षं जास्त आवडतात. काल फळ्यासमोर उभा असलेला माणूस आज केंब्रिजमधल्याच वेस्टकॉट हाउस या पाठशाळेत बाकावर जाऊन बसला. १९८१ मध्ये डीकन, १९८२ मध्ये पूर्ण दीक्षा. आणि मग क्युरेट, म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या हाताखालचा उमेदवार. ब्रिस्टलच्या दक्षिणेला बेडमिन्स्टर नावाची कामगार वस्ती आहे, सिगारेटच्या कारखान्यांसाठी एकेकाळी प्रसिद्ध. तिथे रॉयल सोसायटीचे हे फेलो लोकांच्या घरी जायचे, आजाऱ्यांजवळ बसायचे, बाप्तिस्मे आणि अंत्यविधी करायचे. अंत्यविधीला आलेल्या माणसाला तुमचा समीकरणांवरचा हात किती सफाईचा आहे याचं काय कौतुक? तिथे दारात कसं उभं राहायचं, किती बोलायचं आणि चहाला नाही कसं म्हणायचं नाही, एवढंच उपयोगी. हे कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत.

पुढे १९८४ मध्ये कँटरबरीजवळच्या ब्लीन या गावचे ते व्हिकर झाले. म्हणजे गावचं चर्च आता सर्वस्वी त्यांच्याकडे. दोन वर्षं तिथे काढली, आणि केंब्रिजने त्यांना परत बोलावलं. आधी ट्रिनिटी हॉलमध्ये चॅपलचे डीन म्हणून, मग क्वीन्स कॉलेजचे थेट अध्यक्ष म्हणून. शिडीवरून मुद्दाम उतरलेल्या माणसाला लोकांनी पुन्हा वर नेऊन बसवलं. या कॉलेजात कॅम नदीवर लाकडी ‘गणिती पूल’ आहे. तो न्यूटनने बांधला असं पर्यटकांना हमखास सांगतात, पण पूल १७४९ चा आणि न्यूटन १७२७ मध्येच वारलेला. तिथल्या प्रत्येक पाहुण्या वक्त्याने या पुलाची उपमा अध्यक्षांना दिली असणार, म्हणून मी देत नाही.

त्यांचं स्वतःचं आवडतं उदाहरण चहाच्या किटलीचं होतं. पाणी का उकळतंय? गॅस पेटलाय म्हणून, हे एक उत्तर. मला चहा प्यायचाय म्हणून, हे दुसरं. दोन्ही खरी, आणि एकाने दुसरं खोटं ठरत नाही. विज्ञान पहिलं उत्तर देतं, धर्म दुसरं, असा त्यांचा युक्तिवाद. यावर नास्तिकांचा आक्षेप असा, की किटलीपाशी चहाबाज दिसतो, विश्वापाशी कुणी दिसत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण स्वयंपाकघरातून ‘पाणी कशाला ठेवलंय?’ असं आल्यावर ज्वलनाची प्रक्रिया समजावून सांगणाऱ्याला चहा मिळत नाही, हाही अनुभवसिद्ध नियमच आहे.

आत्म्याबद्दलही त्यांनी असंच सरळ सांगितलं. आत्मा म्हणजे शरीरात कोंडलेली वेगळी वस्तू नव्हे. आपल्यातल्या कणाकणांची जी खास मांडणी, जो माहितीचा नमुना, तोच आत्मा. शरीर गेलं तरी देव तो नमुना स्मरणात ठेवतो आणि पुन्हा उभा करू शकतो. आपल्याकडच्या कचेऱ्यांतल्या गहाळ फायली आठवल्या की इतक्या चोख दप्तराचा अश्रद्ध माणसालाही हेवा वाटावा.

१९९७ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारने नाइट केलं, पण ‘सर’ काही म्हणता आलं नाही. अँग्लिकन धर्मगुरूच्या खांद्याला राजेशाही तलवार टेकवत नाहीत. तलवार नाही तर ‘सर’ही नाही. जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलेल्या माणसाची ही गंमत फक्त मराठी माणसालाच कळेल, कारण आपल्या लेखी ते पहिल्या तासापासून सरच होते. २००२ मध्ये टेम्पल्टन पुरस्कारही मिळाला, जो पहिल्या वर्षी, १९७३ मध्ये, मदर तेरेसांना दिला गेला होता. मार्च २०२१ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

त्यांची पुस्तकं वाचायची झाली तर आधी ‘द क्वांटम वर्ल्ड’ घ्या. ते भौतिकशास्त्राबद्दल आहे, १९८४ मध्ये, म्हणजे लेखक धर्मगुरू झाल्यावर, आलेलं, आणि चांगलं खपलेलं. मग ‘फ्रॉम फिजिसिस्ट टू प्रीस्ट’ हे आत्मचरित्र. देवावर विश्वास असायलाच हवा अशी अट दोन्हींना नाही. गणिताची थोडी भीती असेल तरी चालेल.